स्वयंपाकघरातली कपाटं घरच्यांनी मिळून रंगवायची तर

ओट्याखालच्या दारांचा रंग उडाला, कडा काळपट पडल्या, हँडलभोवती तेलकट पट्टा तयार झाला की घरात मॉड्युलर किचनची चर्चा सुरू होते. पण दारं मजबूत असतील, बिजागऱ्या धड असतील आणि नुसता रंग खराब झाला असेल, तर सगळं उखडून टाकायची काहीच गरज नसते. घरातली तीन-चार माणसं आठ-दहा दिवस थोडा थोडा वेळ द्यायला तयार असतील, तर ही कपाटं घरच्या घरी फार छान रंगवता येतात.

रंग मारणं हा या कामाचा सगळ्यात छोटा भाग असतो. खरी मेहनत धुण्यात आणि घासण्यात जाते, खरा वेळ वाळण्यात जातो. रंग सहा महिन्यांत पोपडे धरून निघाला, तर तो रंगाचा दोष क्वचितच असतो. खाली तेलाचा थर राहिलेला असतो किंवा दार ओलं असतानाच लावलेलं असतं. म्हणून या लेखात ब्रशबद्दल थोडं आणि धुण्या-घासण्याबद्दल जास्त वाचायला मिळेल.

मी लिहितेय ते मुख्यतः 1980 ते 2000 च्या दरम्यान बांधलेल्या फ्लॅटमधल्या स्वयंपाकघरांबद्दल. कडप्प्याचा किंवा ग्रॅनाइटचा ओटा, त्याखाली कडप्प्याचेच कप्पे, पुढे लाकडी चौकट, तिला प्लायची दारं आणि त्यावर ऑइल पेंटचे हातावर हात. ठाणे, डोंबिवली, पुणे, नाशिक, कुठेही जा, त्या काळातल्या सोसायट्यांमध्ये हेच दिसतं. आमचंही घर असंच आहे. सनमायकाच्या दारांबद्दलही पुढे सांगितलं आहे.

आधी दार ओळखा

एक दार उघडा आणि त्याची खालची कड बघा. थरावर थर दिसले तर प्लाय. सलग रेषा दिसल्या तर लाकूड. भुसा दाबून बसवल्यासारखं दिसलं तर पार्टिकल बोर्ड, आणि तेच अगदी बारीक, गुळगुळीत असेल तर एमडीएफ. प्लाय आणि लाकूड निश्चिंतपणे रंगवा. एमडीएफही रंगवता येतं, फक्त त्याच्या कडा अस्तर, म्हणजे रंगाआधी लावायचा प्रायमर, भरपूर पितात, तिथे एक हात जास्त द्यावा लागतो. पार्टिकल बोर्ड कोरडा असेल तर ठीक. पाण्याने एकदा फुगला की तो परत बसत नाही, मग वरून कितीही रंग द्या.

सिंकखालचं दार वेगळं तपासा. स्क्रू ड्रायव्हरचं टोक खालच्या कडेला आणि कोपऱ्यात दाबून बघा. टोक सहज आत गेलं तर ते दार कुजलं आहे. सुताराकडून तेवढं एक दार नवीन करून घ्या. प्लायवर आयएस 710 चा शिक्का असलेला मरीन प्लाय मागा, तो पाण्यात टिकतो. आणि दार का कुजलं तेही शोधा. सिंकच्या जाळीखालचा पाइप ठिबकत असतो किंवा ओटा आणि भिंत यांच्यामधल्या फटीतून पाणी उतरत असतं. ते थांबवल्याशिवाय नवीन दारही दोन पावसाळ्यांत तिथेच येईल. वाळवीची मातीची रेघ दिसली किंवा झुरळांचा फार त्रास असेल तर पेस्ट कंट्रोल रंगकामाच्या आधी उरकून घ्या.

सनमायका रंगवता येतो, पण त्याला नेहमीचा वुड प्रायमर पकडत नाही. दुकानात सनमायका, टाइल, काच यांसारख्या गुळगुळीत पृष्ठभागावर पकड घेणारा प्रायमर वेगळा मिळतो, तोच घ्या. कडेने सुटलेला सनमायका आधी चिकटवून, वर वजन ठेवून रात्रभर दाबून ठेवा. प्लास्टिकची फॉइल चढवलेली दारं, म्हणजे ज्यांना मेंब्रेन शटर म्हणतात ती, आणि चकचकीत ॲक्रिलिकची दारं मात्र घरी रंगवण्याच्या फंदात पडू नका. उष्णतेने फॉइलच सुटते आणि तिच्याबरोबर रंगही.

जुनी सागवानी दारं असतील आणि त्यावर नुसतं पॉलिश असेल, तर माझं मत स्पष्ट आहे: त्यांना रंग लावू नका. चांगलं पॉलिश करून घ्या. तसं सागवान आज विकत घ्यायला गेलात तर किंमत ऐकूनच परत याल.

जुना रंग कोणता आहे हे कळायला सोपी परीक्षा आहे. औषधाच्या दुकानातलं स्पिरिट कापसावर घ्या आणि दाराच्या आतल्या बाजूला मिनिटभर चोळा. कापसाला रंग लागला, पृष्ठभाग चिकट झाला तर रंग पाण्यातला आहे, किंवा ते पॉलिश आहे. काहीच झालं नाही तर ऑइल पेंट. जुन्या घरांत बहुतेक वेळा ऑइल पेंटच निघतो.

कोणता रंग घ्यायचा

दोन मुख्य पर्याय आहेत. एक नेहमीचा ऑइल पेंट, म्हणजे टर्पेंटाइनमध्ये पातळ करायचा एनॅमल. दुसरा पाण्यात पातळ करायचा एनॅमल, जो आता सगळ्या मोठ्या कंपन्यांचा मिळतो.

ऑइल पेंट कठीण बसतो, छान पसरतो, ब्रशच्या रेषा आपोआप मिटतात. पण वास दोन-तीन दिवस जात नाही, एका हातानंतर दुसऱ्यासाठी दुसऱ्या दिवसापर्यंत थांबावं लागतं, आणि पांढरा ऑइल पेंट पिवळा पडतो. गंमत अशी की तो उजेडापेक्षा अंधारात जास्त पिवळा पडतो. जुन्या कपाटाचं दार उघडून बघा, आतली बाजू बाहेरच्यापेक्षा पिवळी दिसेल. पाण्यातला एनॅमल पांढराच राहतो, वास कमी, एका दिवसात दोन हात होतात, हातपाय आणि ब्रश साध्या पाण्याने धुतले जातात. मात्र तो पटकन सुकत असल्याने एकाच जागी ब्रश परत परत फिरवला तर रेषा उठतात, आणि पूर्ण कडक व्हायला त्याला तीन-एक आठवडे लागतात.

घरात लहान मुलं, म्हातारी माणसं किंवा दमेकरी असतील, आणि रंग पांढरा, क्रीम किंवा कुठलाही फिका असेल, तर पाण्यातलाच घ्या. गडद तपकिरी किंवा हिरवा करायचा असेल आणि खिडक्या मोठ्या असतील तर ऑइल पेंट उत्तम. चकाकीत सॅटिन किंवा सेमी-ग्लॉस घ्या. पूर्ण ग्लॉसमध्ये दाराचा प्रत्येक खड्डा उठून दिसतो आणि मॅट फिनिशवरचे हळदीचे, तेलाचे हात पुसले जात नाहीत.

किती घ्यायचा याचा हिशोब कागदावर मांडा. 18 इंच बाय 24 इंचाचं दार म्हणजे एका बाजूला 3 चौरस फूट, दोन्ही बाजू मिळून 6. अशी 12 दारं म्हणजे 72. चौकटी आणि कडा धरून 90 च्या आसपास. दोन हातांचे झाले 180. आता डब्यावर लिहिलेलं असतं की एक लिटर किती चौरस फुटांना पुरतो. तो आकडा एका हाताचा आहे की दोन हातांचा हे नीट वाचा आणि त्यावरून लिटर काढा. मशीनवर शेड बनवून घेणार असाल तर सगळा रंग एकदाच घ्या. नंतर आणलेला अर्धा लिटर त्याच नंबरचा असला तरी शेजारी-शेजारी दारांवर फरक दिसू शकतो.

बाकीचं सामान: 120, 220 आणि 320 नंबरचा पॉलिश पेपर (नंबर जितका मोठा तितका कागद बारीक), 220 आणि 320 चा वॉटर पेपर, प्रायमर, लाकडाची लांबी (म्हणजे खड्डे भरायची पुट्टी) आणि ती भरायला पत्र्याची पट्टी, 2 इंची आणि 1 इंची चांगला ब्रश, 4 इंची फोम रोलर आणि त्याचा ट्रे, मास्किंग टेप, धुण्याचा सोडा, रबरी हातमोजे, एन-95 मास्क, जुन्या सुती कपड्यांच्या चिंध्या, भरपूर वर्तमानपत्रं. ब्रशमध्ये काटकसर करू नका. स्वस्त ब्रशचे केस रंगात सुटतात आणि ओल्या रंगातून केस काढताना तो भाग खराब होतोच.

काम कधी काढायचं

पावसाळ्यात नको. गणपतीच्या आधी घर चकाचक करायची घाई सगळ्यांनाच असते, पण श्रावणातल्या दमट हवेत लाकूड फुगलेलं असतं, रंग चिकट राहतो आणि दार चौकटीला चिकटून बसतं. कोकणात, मुंबईत तर ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत थांबलेलं बरं. पाऊस संपल्यापासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ सगळ्यात चांगला. मे महिन्यात मुलांना सुट्टी असते हे खरं, पण नागपूर, जळगावसारख्या ठिकाणी दुपारी रंग ब्रशवरच सुकायला लागतो. तिथे सकाळी अकराच्या आत हात आटपायचा.

सगळं स्वयंपाकघर एकदम काढू नका. आधी वरची कपाटं पूर्ण करा, मग ओट्याखालची. म्हणजे कायम अर्धं सामान जागेवर राहतं. ऑइल पेंट लावत असाल त्या दिवसांत स्वयंपाक ओट्यावर करायचा नाही. गॅसचा रेग्युलेटर बंद करून सिलिंडर हवेशीर बाल्कनीत उभाच ठेवा, कारण थिनर आणि टर्पेंटाइनची वाफ पेट घेते. देवघर स्वयंपाकघरातच असेल तर देवही हॉलमध्ये हलवा, निरांजन तिथेच लावा. चहा-दुधासाठी दिवाणखान्यात इंडक्शन शेगडी, आणि दोन वेळच्या जेवणासाठी जवळचं पोळी-भाजी केंद्र. दमलेल्या माणसांना रात्री स्वयंपाकाला लावू नका, नाहीतर दुसऱ्या दिवशी कुणी मदतीला उभं राहणार नाही.

कामाची वाटणी

घरचे मिळून काम करतात तेव्हा सहसा असं होतं की प्रत्येकजण एकेक दार घेऊन बसतो. मग एक दार चकचकीत, दुसरं खरखरीत, तिसऱ्यावर ओघळ. कपाटं भिंतीवर शेजारी-शेजारी लागतात, त्यामुळे फरक लगेच डोळ्यात भरतो. म्हणून वाटणी दारांची करू नका, कामाची करा. धुणारा सगळी दारं धुवेल, घासणारा सगळी घासेल, आणि शेवटचा रंगाचा हात सगळ्या दारांना एकाच माणसाचा असेल.

आजी किंवा आजोबांकडे नोंदीचं काम द्या. कुठलं दार कुठलं, कुठला स्क्रू कशाचा, हे सगळं त्यांच्या ताब्यात. हे काम बसून होतं, शांतपणे होतं आणि सगळ्यात महत्त्वाचंही तेच असतं. आठवी-नववीतली मुलं घासकामाला उत्तम, पण जुन्या रंगाबद्दल पुढे लिहिलं आहे ते वाचूनच. त्याहून लहान मुलांना हँडल आणि मुठी साबणाच्या पाण्यात घालून जुन्या टूथब्रशने घासायला द्या. रिकाम्या कप्प्यांतल्या डब्यांची छाननी, मुदत संपलेले मसाले काढणं, झाकणं जुळवणं हे काम ज्याला स्वयंपाकघर माहीत आहे त्यानेच करावं. आणि ब्रश? ज्याचा हात सावकाश चालतो त्याच्याकडे. हौस कुणाला जास्त आहे यावर हे ठरवू नये.

दारं उतरवणं

दारं जागेवर ठेवून रंगवायचा मोह टाळा. बिजागऱ्यांवर रंग जातो, कडा राहून जातात, ओघळ येतात. उतरवण्याआधी मोबाइलवर सगळ्या कपाटांचे फोटो काढा. मग डावीकडून उजवीकडे नंबर द्या. नंबर कुठे लिहायचा ही युक्ती लक्षात ठेवा: बिजागरी काढल्यावर तिच्याखाली जी जागा मोकळी होते तिथे बॉलपेनने नंबर लिहा आणि त्यावर मास्किंग टेपचा तुकडा लावा. तिथे रंग लागणारच नाही आणि बिजागरी बसल्यावर नंबर दिसणारही नाही. चौकटीवरही त्याच जागी तोच नंबर. त्या दाराचे स्क्रू, बिजागऱ्या, मॅग्नेट एका पिशवीत, पिशवीवर तोच नंबर. "आजोबा, हे सात नंबरचं का?" असं कुणी विचारलं की आजोबांनी पिशवीकडे बोट दाखवावं, इतकं ते सोपं झालं पाहिजे. दारं आपापसात बदलली तर ती परत नीट बसत नाहीत. दिसायला सारखी असली तरी प्रत्येक दार त्याच्या चौकटीप्रमाणे सुताराने घासून बसवलेलं असतं.

धुणं

बादलीभर गरम पाण्यात दोन मोठे चमचे धुण्याचा सोडा आणि थोडं भांड्यांचं लिक्विड. हातमोजे घालूनच. स्पंजने लावायचं, पाच मिनिटं थांबायचं, मग घासणीच्या खरखरीत बाजूने घासायचं, आणि स्वच्छ पाण्याच्या फडक्याने दोनदा पुसायचं. सोडा राहिला तर रंग धरत नाही. दार पाण्याखाली धरू नका, प्लायच्या कडा पाणी पितात.

गॅसच्या वरच्या बाजूला असलेल्या कपाटाची वरची कड बोटाने चाचपून बघा. रोजच्या फोडणीची वाफ तिथे जाऊन बसते आणि वर्षानुवर्षांनी तिचा गडद, चिकट थर होतो. नख लावलं तर मेणासारखी गुंडाळी निघते. हा थर पाण्याने जात नाही. आधी पत्र्याच्या पट्टीने खरवडा, मग टर्पेंटाइनच्या बोळ्याने पुसा, आणि त्यानंतर सोड्याच्या पाण्याने धुवा. हीच गोष्ट हँडलभोवतीच्या तळहाताएवढ्या जागेची. तिथे हाताचं तेल, कणकेचा, हळदीचा हात रोज लागलेला असतो. पॉलिश पेपर फिरवण्याआधी हे तेल निघालंच पाहिजे. नाहीतर घासताना तेल बारीक ओरखड्यांत आणखी आत दाबलं जातं.

नीट झालं की नाही हे कळण्यासाठी धुतलेल्या दारावर पाण्याचा हात फिरवा. पाणी सलग पसरलं तर स्वच्छ. थेंब थेंब होऊन उभं राहिलं तर तेल शिल्लक आहे, परत धुवा. मग दारं पंख्याखाली एक दिवस उभी करून ठेवा.

घासकाम, आणि जुन्या रंगातलं शिसं

इथे थांबून नीट वाचा. भारतात घरगुती रंगांमधल्या शिशाची मर्यादा 90 पीपीएम (दहा लाख भागांत 90 भाग) करणारे नियम 2016 मध्ये आले आणि 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाले. त्याआधीच्या ऑइल पेंटमध्ये, विशेषतः पिवळ्या, लाल, हिरव्या शेडमध्ये, शिसं असण्याची शक्यता बरीच असते. तुमच्या कपाटावर वीस-तीस वर्षांचे थर असतील तर ते आहे असंच धरून चाला. घासताना त्याची धूळ उडते, बोटांवरून तोंडात जाते आणि लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला ती अपाय करते. मुलांसाठी शिशाचं सुरक्षित प्रमाण असं काही नाही.

म्हणून जुना रंग कोरडा घासू नका. वॉटर पेपर पाण्यात बुडवून ओला ओला घासा, येणारा चिखल फडक्याने टिपून घ्या, ते फडकं टाकून द्या. ब्लो लॅम्पने जाळून रंग काढू नका. खाली प्लास्टिक अंथरा, झाडू मारू नका, ओल्या फडक्याने पुसा. घासणाऱ्याने मास्क लावावा, काम झाल्यावर हात-तोंड साबणाने धुवावं आणि ते कपडे बाकीच्या कपड्यांत मिसळू नयेत. लहान मुलं आणि गरोदर बाई त्या दिवशी घरात नसलेलीच बरी. मुलांना मावशीकडे पाठवा. आठवी-नववीतल्या मुलांनाही या जुन्या थरांच्या घासकामापासून लांब ठेवा. त्यांना पुढचं, प्रायमरवरचं घासकाम द्या.

सगळा जुना रंग काढायचा नसतो. घट्ट बसलेला राहू द्या. पोपडे आलेला भाग पट्टीने काढा, त्याच्या कडा 220 ने उतरत्या करा म्हणजे पायरी राहणार नाही, आणि बाकी सगळीकडची चकाकी मोडा. दार उजेडाकडे तिरकं धरा. कुठेही चमक दिसली तर तिथे कागद पोचलेला नाही. सनमायका असेल तर 120 ने चकाकी मोडून मग 220. कागद हातात चुरगळून धरण्यापेक्षा लाकडाच्या छोट्या ठोकळ्याला गुंडाळा, म्हणजे दाब सारखा पडतो. बोटांनी घासलं की बोटांच्या जागी खोलगट पट्टे पडतात, आणि ते रंगानंतर दिसतात.

लांबी आणि अस्तर

आधी स्क्रूची ढिली भोकं. आगपेटीच्या काड्यांना फेविकॉल लावून भोकात ठोका, वाळल्यावर ब्लेडने सपाट कापा. स्क्रू पुन्हा घट्ट बसतो. हँडल बदलणार असाल तर जुन्या हँडलच्या दोन भोकांमधलं अंतर मोजून न्या. 96 आणि 128 मिलिमीटर ही नेहमीची मापं आहेत. त्याच अंतराचं घेतलंत तर भोकं बुजवायची कटकटच नाही. बुजवायची असतील तर ती एम-सीलसारख्या दोन भाग मळून लावायच्या लुकणाने बुजवा, साधी लांबी तिथे बसते आणि खड्डा पडतो.

खड्डे, चरे यांत लांबी पातळ थराने भरा. एकदम जाड भरली तर वरून वाळते, आतून ओली राहते आणि नंतर चिरते. वाळली की 220 ने सपाट करा आणि डोळे मिटून हात फिरवा. डोळ्यांना न दिसणारी उंचवट हाताला लागते.

मग अस्तर. प्रायमरचा एक सारखा, पातळ हात. कडांना आणि उघड्या लाकडाला दोन. वाळल्यावर 320 ने हलकंसं घासून धूळ ओलसर फडक्याने पुसा. काही ठिकाणी प्रायमरमधून पिवळे-तपकिरी डाग वर येताना दिसतात, विशेषतः गॅसच्या वरच्या दारांना. तिथे चपडा, म्हणजे पॉलिशसाठी मिळणारी लाख, स्पिरिटमध्ये विरघळवून त्याचा पातळ हात मारा, डाग तिथेच थांबतो. त्यावर परत थोडं प्रायमर द्या.

रंगाचा हात

डबा उघडल्यावर तळापासून ढवळा, हलवू नका. हलवल्याने बुडबुडे होतात. वर साय आली असेल तर काठाने कापून उचला आणि रंग जुन्या ओढणीतून गाळून घ्या. लागेल तेवढाच रंग वाडग्यात काढायचा, मोठा डबा बंद ठेवायचा.

दारं आडवी ठेवून रंगवा. खाली टेकू म्हणून प्लास्टिकच्या बाटल्यांची बुचं वापरा: प्रत्येक बुचातून एक स्क्रू टोक वर येईल असा आरपार घालायचा, अशी चार बुचं एका दाराला. मागची बाजू आधी रंगवा. ती पूर्ण वाळली की दार पलटून या टोकांवर ठेवा, म्हणजे पुढची बाजू रंगवताना मागे जेमतेम चार बारीक ठिपके उरतात, आणि ते आत असतात.

पट्ट्या आणि पॅनल असलेलं दार असेल तर आधी खाचा 1 इंची ब्रशने, मग मधलं पॅनल, मग आडव्या पट्ट्या, शेवटी उभ्या. साधं सपाट दार असेल तर कडा ब्रशने आणि मधला भाग फोम रोलरने. रोलर फिरवून झाला की लगेच कोरडा ब्रश अगदी हलक्या हाताने वरपासून खालपर्यंत एकदाच ओढायचा. मग सोडून द्यायचं. अर्धवट सुकलेल्या रंगावर परत ब्रश लावला की तिथे चट्टा उठणारच. दहा मिनिटांनी कडांखाली बघा, ओघळ जमायला लागला असेल तर ब्रशच्या टोकाने टिपून घ्या. एक जाड हात देण्यापेक्षा दोन पातळ हात नेहमी चांगले. दोन हातांमध्ये 320 चा हलका कागद आणि पुसणं.

पहिल्या तासाभरात पंखा बंद ठेवा, धूळ बसते. बाल्कनीत वाळायला ठेवणार असाल तर कबुतरांचा विचार करा, एक पीसही पुरतं. संध्याकाळी दिवे लागल्यावर ओला रंग उघड्यावर ठेवू नका, चिलटं येऊन चिकटतात. चिकटलंच तर ओलं असताना काढायला जाऊ नका, वाळल्यावर कागदाने घासून टाका.

ऑइल पेंट असेल तर ब्रश रात्रभर पाण्यात टोकं बुडवून ठेवा, सकाळी झटकून, पुसून परत वापरता येतो. टर्पेंटाइन सिंकमध्ये ओतू नका. बरणीत ठेवलं तर रंग खाली बसतो आणि वरचं स्वच्छ टर्पेंटाइन पुन्हा उपयोगी पडतं. हाताचा ऑइल पेंट खोबरेल तेलाने सुटतो, मग साबण लावा. थिनरने हात धुऊ नका. आणि ऑइल पेंटच्या, जवसाच्या तेलाच्या चिंध्यांचा बोळा करून कचऱ्याच्या डब्यात कधीही टाकू नका. हे तेल सुकताना गरम होतं आणि दाबून ठेवलेल्या चिंध्या आपोआप पेटू शकतात. त्या पाण्यात भिजवा किंवा उघड्यावर एकेक पसरून पूर्ण सुकवा, मग टाका.

परत लावताना

शेवटच्या हातानंतर दार हाताला कोरडं लागतं आणि घरातून हमखास आवाज येतो: "अगं, लाव ना आता, किती दिवस डबे हॉलमध्ये?" इथेच सगळ्यांनी धीर धरायचा. ऑइल पेंटच्या दारांना किमान तीन दिवस, पाण्यातल्याला दोन दिवस द्या आणि मगच बिजागऱ्या बसवा. तेव्हाही रंग आतून मऊच असतो. दाराच्या आतल्या कोपऱ्यांना सिलिकॉनचे छोटे ठिपके चिकटवा, म्हणजे दार चौकटीला चिकटत नाही. रंगाच्या थरांमुळे दार किंचित जाड झालेलं असतं. कुठे घासत असेल तर तेवढीच कड 220 ने उतरवून तिथे पातळ हात द्या. दार आणि चौकट यांत दोन मिलिमीटरची फट ठेवा, पावसाळ्यात लाकूड फुगायला तेवढी जागा लागते.

कप्प्यांच्या आतून रंग देऊ नका. कडप्पा आणि सनमायका नुसते पुसले तरी चालतात, आणि ताज्या रंगावर स्टीलचे डबे ठेवले तर त्यांच्या गोल कडा कायमच्या उमटतात. लाकडी कप्पा रंगवावाच लागला तर दोन आठवडे रिकामा ठेवा, त्यावर वर्तमानपत्र घालू नका, ते चिकटून बसतं.

पहिला महिनाभर दारं फक्त ओल्या मऊ फडक्याने पुसा, घासणी आणि सोडा नको. आणि उरलेला रंग मोठ्या अर्ध्या डब्यात ठेवण्याऐवजी घट्ट झाकणाच्या छोट्या काचेच्या बाटलीत काठोकाठ भरा. हवा जितकी कमी तितकी साय कमी. बाटलीवर कंपनी, शेड नंबर, फिनिश आणि तारीख लिहून ती माळ्यावर ठेवा, मुलांचा हात पोचणार नाही अशी.